हुर्डा पार्टीचा हिशोब देणारा माझा दोस्त



मागच्या एका व्हिडिओत बोलता बोलता मी 'शिरूरचा माझा दोस्त' असा उल्लेख केला आणि पुढे गेलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, हा दोस्त कोण? दहा मिनिटांच्या व्हिडिओत ते बसलं नसतं, म्हणून इथं निवांत लिहितोय. नाव मात्र सांगणार नाही. त्यानंच तशी अट घातली आहे. "नाव टाकलंस तर उद्या आख्खा तालुका उधार मागायला येईल," म्हणाला. कंपनीत आम्ही त्याला 'मुकादम' म्हणायचो. इथंही तेच नाव चालवू.

मुकादम कसा होता

२००६ ची गोष्ट. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाइनला होतो आणि तो प्रॉडक्शनला. पहिल्याच आठवड्यात त्याचा गोंधळ झाला. ऑफिसनं त्याच्या घरी पाठवलेलं पत्र गेलं शिरूर घोडनदीला, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला. हा बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारचा. लातूर जिल्ह्यात आणखी एक शिरूर आहे, शिरूर अनंतपाळ. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं डब्याच्या झाकणावर चमच्यानं तिन्ही शिरूरांचा नकाशा काढून दाखवला आणि म्हणाला, "लक्षात ठेवा, सिंदफणेच्या काठचं ते माझं. बाकीची दोन ड्युप्लिकेट." तिथून पुढं कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कधी जागा मिळाली नाही.

'मुकादम' हे नाव त्यानं स्वतःच घेतलं होतं. शिरूर कासार हा ऊसतोड मजुरांचा तालुका. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं कारखान्यांकडे निघतात, ती पाडव्याच्या पुढं-मागं परत येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. ह्याच्या आई-वडिलांनी असे दहा-बारा हंगाम काढलेले. हा आणि त्याची बहीण आजीपाशी राहून शाळा शिकले. तो म्हणायचा, "आई-बापानं मुकादमाच्या हाताखाली कोयता चालवला. मी निदान नावाचा तरी मुकादम होतो." सगळे हसायचे. तोही हसायचा. पण ते वाक्य मस्करीचं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मजा करण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. प्लँट मॅनेजरची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की एकदा फोनवर नक्कल करून त्यानं स्टोअरमधून कटिंग टूल काढून आणलं होतं. गणपतीत ढोल, दिवाळीत किल्ला, रविवारी क्रिकेट, सगळ्यात पुढं हाच. आणि त्याच माणसाच्या खिशात एक छोटी वही असायची. दिसेल त्या धंद्याचा हिशोब तो त्या वहीत मांडायचा.

गेटसमोरच्या टपरीचा हिशोब मला आजही पाठ आहे. दिवसाला ४०० कटिंग, ३ रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. दूध १२ लिटर, २१६. साखर ७०, पावडर १६०, गॅस आणि बाकी किरकोळ १२४. खर्च ५७०, उरले ६३०. महिन्याचे २६ दिवस धरले तर १६,३८०. आमचा पगार तेव्हा ११,०००. आम्ही इंजिनिअर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग त्यानंच खाली अजून एक ओळ लिहिली: 'वहिनी पहाटे चारला उठतात, त्यांचा पगार धरलेला नाही.' म्हणाला, "हा पगार धरला की टपरी पण आपल्यासारखीच गरीब."

मित्रांनो, घरगुती धंद्यात घरच्या बाईची मेहनत हिशोबात धरायची, हे मी आज प्रत्येक बॅचला शिकवतो. ते मी पुस्तकातून शिकलेलो नाही. चहाच्या टपरीवर शिकलो.

हुर्डा आणि १७ रुपये

२००८ च्या शेवटी मंदी आली. गाड्यांचा खप घसरला आणि आमच्या कारखान्यात आठवड्यातले दोन-दोन दिवस काम बंद राहायला लागलं. पगारही कापून यायला लागला. सगळ्यांची तोंडं उतरलेली. अशा वेळी ह्या पठ्ठ्यानं जाहीर केलं, "शिरूर कासारला हुर्डा पार्टी!" वर्गणी माणशी ३०० रुपये, आम्ही १४ जण, दोन गाड्या.

जानेवारीची थंडी, शेतात आगटी पेटवलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली ज्वारीची कणसं, हातावर चोळून काढलेला गरम हुर्डा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. त्याची आई सारखी म्हणायची, "खा रं लेकरांनो, तिकडं पुण्यात काय मिळतंय." दिवसभर नुसता दंगा. परत येताना नगरच्या अलीकडं गाडी थांबली आणि मुकादमानं खिशातून वही काढली. डिझेल, दही, गूळ, चटणी, शेतावर मदतीला आलेल्या दोघांची मजुरी, सगळं लिहिलेलं. उरलेल्या पैशातून प्रत्येकाच्या हातावर १७ रुपये परत ठेवले. कुणी म्हणालं, "अरे, राहू दे की." तो म्हणाला, "मजेचा हिशोब चोख असला की माणसं पुढच्या वेळी परत येतात."

त्याच रात्री गाडीत, बाकीचे झोपलेले असताना, त्यानं मला विचारलं, "मी गावाकडं वर्कशॉप टाकतोय. तुझे दोन लाख, माझे दोन लाख. निम्मे-निम्मे. येतोस का?"

मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

मी घरी कुणालाही विचारलं नाही. त्यालाही काही सांगितलं नाही. तो महिनाभर वाट बघत होता, हे मला दिसत होतं. मग त्यानं विचारणं सोडून दिलं. रोज टपरीवर भेटायचो, हसायचो, पण तो विषय निघाला नाही. आज तुम्हाला 'पहिलं पाऊल टाका' असं कॅमेऱ्यासमोर सांगणारा मी, माझ्यासमोर जेव्हा पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा गप्प बसलो होतो. हे तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं.

सायकल कोळप्याची शर्यत

२०१० मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि २०११ च्या पाडव्याला एकट्यानं वर्कशॉप सुरू केलं. एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, एक कटर, हाताखाली दोन पोरं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीची दुरुस्ती, शेळ्यांच्या गव्हाणी, मिळेल ते काम. त्यात त्याचा स्वतःचा माल म्हणजे सायकल कोळपं. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्याला दोन दांडे आणि खाली पात. एकट्या माणसानं ढकलत तण काढायचं. बैल नसलेल्या लहान शेतकऱ्याला ते फार सोयीचं.

पण लोक घेईनात. मग त्यानं काय करावं? आठवडी बाजाराच्या दिवशी एका मोकळ्या जागेत दोन ओळी आखल्या आणि शर्यत लावली. एकीकडे खुरपं, दुसरीकडे कोळपं. जिंकेल त्याला भजी आणि चहा फुकट. स्वतः माइक घेऊन समालोचन. माणसं हसून हसून लोटपोट. पहिल्या बाजारात एकही कोळपं विकलं गेलं नाही. तिसऱ्या बाजारात अकरा गेली.

इथं मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. तेही आधी नोकरदार. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. हक्काची बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून बेळगावला आले, तिथं भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, पण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथं त्यांनी माणसं कुठली घेतली? रेल्वेत फायरमन असलेले शंभूराव जांभेकर, शाळेत यश न मिळालेले अनंतराव फळणीकर. प्रमाणपत्र बघून घेतलेली ही माणसं नव्हती. कारखाना अशाच माणसांनी चालवला.

आता माझं मत सांगतो, आणि ते माझ्याच काही जुन्या व्हिडिओंच्या विरोधात जातं. आमच्या क्षेत्रातली मंडळी तुम्हाला सांगतात: पहाटे चारला उठा, मित्र कमी करा, सणवार विसरा, पाच वर्षं हसू नका, मग यश मिळेल. मीही असं बोललोय. चुकलो. शिरूर कासारसारख्या गावात जो माणूस लग्नाला जात नाही, पारावर बसत नाही, कुणाच्या विनोदाला हसत नाही, त्याच्या दुकानात कोण जाईल? शहरात जाहिरात पैसे देऊन करता येते. गावात तुमचा स्वभाव हीच जाहिरात. मुकादमाच्या हसण्यानंच त्याला गिऱ्हाईक दिलं. जे बिघडलं ते दुसरीकडं बिघडलं.

जिथं तो चुकला

२०१२ ला पाऊस गेला. मराठवाड्यात दुष्काळ पडला, टँकर सुरू झाले, जनावरं छावणीत गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पैसे मागितले नाहीत. म्हणाला, "एक दिवस येऊन जा. वही बघायचीय."

मी गेलो. वर्कशॉपच्या पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं. दोन पोरांपैकी एक सोडून गेलेला. आम्ही वही उघडली. ९४ गिऱ्हाइकांकडं मिळून ३ लाख १२ हजारांची उधारी. उलट लोखंडवाल्याचं देणं १ लाख ८० हजार. तो व्यापारी महिन्याला दीड टक्का लावायचा. ज्या ३ लाख १२ हजारांची उधारी अडकली होती, त्याला तोच दर लावला तर महिन्याला ४,६८० रुपये. पोराचा निम्म्याहून जास्त पगार, कुठलंही काम न करता, नुसता उडून जात होता.

मी विचारलं, "अरे, हुर्ड्याचे १७ रुपये परत देणारा तू. इथं काय झालं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दुसऱ्याचे पैसे परत देताना लाज नाही वाटत रे. आपले मागताना वाटते. आणि मागू कुणाला? ज्यांच्या मांडीवर वाढलो त्यांना?"

मित्रांनो, धंदा करणाऱ्या चांगल्या माणसाचं दुखणं इथं असतं. ठगांना उधारी वसूल करता येते. भल्या माणसाला येत नाही. त्याला 'कडक व्हा' असं सांगून उपयोग नसतो, कारण तो कडक होऊच शकत नाही. त्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते.

ती वाट आम्हाला त्या दिवशी वहीतच सापडली. त्यानं प्रत्येक उधारीपुढं 'एक महिना' असं लिहिलं होतं. सगळीकडं एकच मुदत. मी विचारलं, "ह्या माणसाला एका महिन्यानं पैसे कुठून येणार होते?" तो वहीकडं बघत राहिला आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "लेका, पगार तर आपल्याला यायचा महिन्याला. ह्यांना कुठं येतो?"

बघा, ऊसतोड करणाऱ्याच्या पोटी जन्मलेला पोरगा, उचल कधी येते आणि कधी संपते हे ज्यानं घरात बघितलं, तो पाच वर्षांच्या नोकरीत महिन्याच्या भाषेत विचार करायला शिकला होता. नोकरी सोडली तरी डोक्यातला महिना सुटला नव्हता. नोकरीतून धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो: तुमचं भाडं महिन्याला, हप्ता महिन्याला, मजुरी आठवड्याला. पण तुमच्या गिऱ्हाइकाचा पैसा त्याच्या हंगामाला.

वहीचे चार भाग

मग आम्ही ९४ नावांचे चार भाग केले. उचलवाले: त्यांच्या हातात पैसा हंगामाला निघण्याआधी, साधारण दसऱ्याच्या आत. कापूसवाले: वेचणी झाली, कापूस विकला की दिवाळीनंतर. दूधवाले: डेअरीचा दर दहा-पंधरा दिवसांचा हिशोब. आणि पगारवाले: शिक्षक, ग्रामसेवक, एसटीतले, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

प्रत्येकाला त्यानं स्वतः जाऊन एकच गोष्ट विचारली: "काका, घाई नाही. पण कुठल्या तारखेला येऊ, ते तुम्हीच सांगा." मागणं नाही, भांडण नाही. तारीख समोरच्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली. ती वहीत लिहायची आणि त्या दिवशी न चुकता हसतमुखानं हजर राहायचं. दुधवाल्यांकडून थोडे थोडे लगेच सुटले. कापूसवाल्यांना त्यानं दुष्काळामुळं एक हंगाम सरळ पुढं ढकललं, पण तेही लिहून. वर्षभरात ३ लाख १२ हजारांपैकी सव्वादोन लाख आले. बाकीचे बुडाले. बुडालेल्यांची नावं त्यानं खोडली, पण त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही.

दुसरं काम म्हणजे माल हंगामाप्रमाणं लावला. उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचे स्टँड, पावसाळ्याच्या तोंडावर कोळपी, दसऱ्याआधी ट्रॉली आणि बैलगाडीची दुरुस्ती. तालुका रिकामा होतो तेव्हा पगारवाल्यांचे गेट आणि खिडक्या. २०१६ च्या नोटाबंदीत आजूबाजूची दुकानं अडखळली, तेव्हा ह्याची वही शाबूत होती, कारण कुणाचे किती आणि कधी हे त्याला माहीत होतं.

आज तुम्हाला पीएमईजीपीमधून उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प करता येतो, ग्रामीण भागात प्रवर्गानुसार २५ ते ३५ टक्के अनुदान आहे, उद्यम नोंदणी फुकट होते. जिल्हा उद्योग केंद्रात जा, जरूर चौकशी करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत असा कायदाही आहे. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर तो वापरा. पण चुलत्याच्या गेटचे पैसे अडकले म्हणून कोण अर्ज करणार आहे? तिथं ही वहीच कामाला येते.

तुमच्यासाठी गृहपाठ

आज संध्याकाळी एवढं करा.

१. तुमच्या मनात जो धंदा आहे, त्याची दहा संभाव्य गिऱ्हाइकं लिहा. खरी माणसं, नावानिशी.

२. प्रत्येकापुढं लिहा: ह्याच्या हातात पैसा कधी येतो आणि कुठून येतो? माहीत नसेल तर जाऊन गप्पा मारा. गप्पा मारता येत नसतील तर आधी ते शिका.

३. मग तुमचा खर्च महिन्याप्रमाणं मांडा. ज्या महिन्यांत पैसा येणार नाही, ते महिने कशावर काढणार, हे लिहिल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

४. घरातलं कोण फुकट राबणार आहे, त्याचं नाव लिहा आणि त्यापुढं पगाराचा आकडा टाका.

दहाच्या दहा गिऱ्हाइकांचा पैसा एकाच महिन्यात येत असेल तर धंदा करू नका असं मी म्हणत नाही. पण मग जोडीला दुसरा माल शोधा.

आता शेवटचं. वर्कशॉप अजून चालू आहे. फार मोठं झालेलं नाही. हाताखाली सहा माणसं आहेत, आणि त्याची आई आता हंगामाला जात नाही. अहिल्यानगर-बीड रेल्वे २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली, त्या दिवशी त्याचा फोन आला. "आता रायमोहाला गाडी थांबायली. तुला यायला काही निमित्त उरलं नाही."

हे लिहायच्या आधी मी त्याला फोन केला आणि त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणालो, "तेव्हा मी घाबरलो होतो. घरी विचारलंच नव्हतं. नाही म्हणायचीसुद्धा हिंमत झाली नाही. माफ कर."

तो हसला. "माहितीय रे. तुझं नाव वहीत पहिल्या पानावर आहे. तारीख तेवढी टाकली नव्हती."

हुर्ड्याला जातोय यंदा. वर्गणी विचारली तर म्हणाला, आल्यावर सांगतो, हिशोब मिळेल.

तुमच्या दहा गिऱ्हाइकांची यादी कमेंटमध्ये नावं न टाकता लिहा, नुसतं कुणाचा पैसा कधी येतो एवढं. मी प्रत्येक यादी वाचणार आहे. आणि तुम्हालाही कुणी 'येतोस का?' असं विचारून ठेवलं असेल, तर त्याला आज उत्तर द्या. हो किंवा नाही, पण द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत.